वीस वर्षांचे पुरातन देवालय : जपानमधील इसे

एखादे देवालय पुरातन आहे असे म्हटले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दगड उभा राहतो. उंबऱ्याचा झिजलेला दगड, काळवंडलेला गाभारा, पुसट झालेला शिलालेख, अशा खुणांवरून देवालयाचे वय ओळखण्याची माणसाला सवय आहे. जपानमधील शिंतो पंथाचे सर्वश्रेष्ठ देवस्थान जे इसे, त्याच्या बाबतीत मात्र ही सवय निरुपयोगी ठरते. तेथील देवालय तेराशे वर्षांहून अधिक काळ एका ठराविक विधीने चालत आलेले आहे. पण त्याचे लाकूड वीस वर्षांहून जुने कधीच नसते. दर वीस वर्षांनी जुन्या देवालयाशेजारच्या मोकळ्या जागेवर हुबेहूब तसेच नवे देवालय उभारावयाचे, देवता तेथे न्यावयाची आणि जुने मोडून टाकावयाचे, असा तेथील परिपाठ आहे. त्याला जपानी भाषेत ‘शिकिनेन सेन्गू’ म्हणतात. नेमलेल्या वर्षीचे देवालयांतर, असा त्याचा अर्थ.

इसे हे गाव जपानच्या होन्शू बेटावर, नागोया शहराच्या दक्षिणेस, मिए प्रांतात समुद्रकिनाऱ्याजवळ आहे. इसेचे देवस्थान म्हणजे एकच देऊळ नव्हे. लहानमोठी १२५ देवालये मिळून हे देवस्थान होते. त्यांत मुख्य दोन. इसुझू नदीच्या काठी घनदाट वृक्षराजीत वसलेले ते ‘नाइकू’, म्हणजे आतले देवालय. तेथे आमातेरासु ओमिकामी ह्या सूर्यदेवतेची उपासना चालते. दुसरे, तेथून चार-पाच किलोमीटरांवरचे ‘गेकू’, म्हणजे बाहेरचे देवालय. तेथील देवता तोयोउके ही अन्नाची आणि अन्नवस्त्रनिवाऱ्याची अधिष्ठात्री. भारतीय मनाला सूर्य पुरुषरूपात परिचित आहे. जपानमध्ये तो देवी आहे, आणि तेथील सम्राटांचे घराणे आपला वंश ह्याच देवीपर्यंत नेऊन पोचवते. इसेच्या महत्त्वाचे मूळ ह्या एका श्रद्धेत आहे.

ह्या देवीची कथा ‘कोजिकी’ आणि ‘निहोन शोकी’ ह्या अनुक्रमे ७१२ आणि ७२० साली सिद्ध झालेल्या ग्रंथांत सांगितलेली आहे. भावाच्या उच्छृंखल वर्तनाने संतापून सूर्यदेवी एका गुहेत जाऊन बसली आणि जग अंधारात बुडाले. तेव्हा देवांनी गुहेबाहेर कोंबडे आरवविले, नृत्य मांडले आणि एक आरसा टांगला. हा गलबला कसला म्हणून देवीने डोकावून पाहिले आणि प्रकाश परत आला. तो आरसा देवीचे प्रतीक म्हणून राजघराण्याकडे आला. पुढे सुजिन नावाच्या सम्राटाला देवतेबरोबर एकाच छपराखाली राहण्याचे भय वाटू लागले आणि त्याने आरसा राजवाड्याबाहेर एका राजकन्येच्या हवाली केला. त्यानंतर यामातोहिमे ही राजकन्या योग्य स्थळ शोधीत प्रांतोप्रांती हिंडली. शेवटी इसुझूच्या काठी देवीने ‘येथे मी राहीन’ असा कौल दिला, अशी परंपरा आहे. परंपरेप्रमाणे ही घटना इसवी सनापूर्वी ४ मधली, आणि गेकूची स्थापना इसवी सन ४७८ मधली. ह्या दोन्ही तिथी श्रद्धेच्या आहेत. इतिहासाच्या कसोटीला उतरणारी भूमी त्यानंतर बरीच उशिरा लागते.

ती भूमी सातव्या शतकातली आहे. ६७२ साली राजगादीसाठी काका आणि पुतण्या ह्यांच्यांत युद्ध जुंपले. काका राजपुत्र ओआमा ह्याने मोहिमेवर असताना वाटेतील एका नदीकाठी इसेच्या दिशेला तोंड करून सूर्यदेवीची प्रार्थना केली, अशी नोंद ‘निहोन शोकी’त आहे. युद्धात त्याचा जय झाला आणि तो तेम्मू ह्या नावाने सम्राट झाला. पुढच्याच वर्षी त्याने आपली कन्या ओकू हिला इसेच्या देवीच्या सेवेसाठी नेमले. दर वीस वर्षांनी देवालय नव्याने उभारण्याची योजना त्याचीच मानली जाते. तिची पहिली अंमलबजावणी त्याच्या मृत्यूनंतर, त्याची विधवा सम्राज्ञी जितो हिच्या कारकीर्दीत, ६९० साली नाइकूत आणि ६९२ साली गेकूत झाली. गृहयुद्धात मिळविलेल्या सत्तेला दैवी अधिष्ठान देण्याची निकड ह्या योजनेमागे होती, हे उघड आहे.

ओकू राजकन्येपासून राजघराण्यातील अविवाहित मुलीने इसेजवळच्या एका वाड्यात राहून देवीची सेवा करावयाची, ही प्रथा रूढ झाली. ह्या सेविकेला ‘साइओ’ म्हणत. चौदाव्या शतकापर्यंत, सुमारे साडेसहाशे वर्षे, साठाहून अधिक राजकन्यांनी आपले तारुण्य ह्या व्रतात घालविले. वरून हे व्रत भव्य दिसले, तरी त्याची किंमत लहान नव्हती. ओकूचाच धाकटा भाऊ ओत्सू ह्याच्यावर ६८६ साली राजद्रोहाचा आरोप येऊन त्याला प्राणास मुकावे लागले. भावाच्या शोकाने व्याकूळ झालेल्या ह्या बहिणीच्या कविता ‘मान्योशू’ ह्या जपानच्या आद्य काव्यसंग्रहात आजही वाचावयास मिळतात.

आता त्या वास्तूचे रूप पाहू. इसेच्या मुख्य देवालयाचे खांब पायाच्या दगडावर बसविलेले नसून सरळ जमिनीत पुरलेले असतात. जमीन उंच असते, छप्पर गवताने शाकारलेले असते, आणि आढ्याच्या दोन्ही टोकांशी दोन-दोन फळ्या कातरीसारख्या एकमेकींना छेदून आभाळाकडे गेलेल्या असतात. आढ्यावर आडवे गोल ओंडके ठेवलेले असतात. नाइकूत दहा, गेकूत नऊ. हिनोकी नावाच्या सुगंधी सुरूजातीय वृक्षाचे उघडे लाकूड, त्याला रंग नाही, लाख नाही. प्राचीन काळी धान्य साठविण्याची जी कोठारे असत, त्यांच्या घडणीतून हे रूप आले आहे, असे वास्तुशास्त्रज्ञ मानतात. भात पिकविणाऱ्या समाजाने आपल्या कोठारालाच देवघर केले. १९३३ साली जपानला गेलेला जर्मन वास्तुशिल्पी ब्रूनो टाउट ह्या वास्तूने भारावून गेला आणि त्याने तिला ग्रीसच्या पार्थेनॉनच्या पंक्तीत बसविले.

परंतु जमिनीत पुरलेले लाकूड कुजते आणि गवती छप्पर गळते. वीस वर्षांचाच कालावधी का ठरला, ह्याचे स्पष्ट कारण जुन्या ग्रंथांत दिलेले नाही. खांबांचे आणि छपराचे आयुष्य तेवढेच, असे काही म्हणतात. साठविलेला वाळवलेला भात तेवढाच काळ टिकतो, असे कोणी सुचवितात. कारागिरांचा हिशेब सर्वांत पटण्याजोगा आहे. विशीतला सुतार पहिल्या खेपेस हाताखाली शिकतो, चाळिशीत दुसऱ्या खेपेस स्वतः काम चालवितो, आणि साठीत तिसऱ्या खेपेस दुसऱ्यांना शिकवितो. वीस वर्षांच्या जागी साठ वर्षे असती, तर शिकविणारा आणि शिकणारा ह्यांची गाठच पडली नसती.

हे काम म्हणजे केवळ दोन देवळे बांधणे नव्हे. वनदेवतेची अनुज्ञा मागण्यापासून देवता हलविण्यापर्यंत आठ वर्षे चालणारे तीसहून अधिक विधी त्यात आहेत. दहा हजारांहून अधिक हिनोकी वृक्ष त्यासाठी लागतात. मुख्य देवालयांबरोबर चौदा उपदेवालयेही नवी होतात. देवतेसाठी वस्त्रे, तलवारी, धनुष्ये, आरसे, विणकामाची साधने अशा ७१४ प्रकारच्या १५७६ वस्तूही पुन्हा जुन्याच पद्धतीने घडविल्या जातात. त्यांतील एका तलवारीच्या मुठीला तोकी नावाच्या गुलाबी छटेच्या पक्ष्याची पिसे लागतात. हा पक्षी विसाव्या शतकात जपानमधून जवळजवळ नाहीसा झाला. तेथील मूळ वंशाचा शेवटचा पक्षी २००३ साली मेला. एका मुठीची परंपरा टिकवावयाची तर पक्षीही टिकावा लागतो, हा धडा त्यातून मिळतो.

ह्या भव्य विधींच्या मागे एक साधा नित्यक्रम आहे. गेकूत रोज सकाळी आणि संध्याकाळी देवांना भोजन वाढले जाते. त्यासाठी अग्नी लाकडावर लाकूड घासून निर्माण करावयाचा, पाणी ठरलेल्या विहिरीतून काढावयाचे, तांदूळ देवस्थानच्या शेतातला आणि मीठ देवस्थाननेच तयार केलेले. नैवेद्याची ही प्रथा दीड हजार वर्षांची असल्याचे देवस्थान सांगते.

इसेच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रकरण बौद्ध धर्माशी असलेल्या नात्याचे आहे. सहाव्या शतकात भारतातून चीन-कोरियामार्गे बौद्ध धर्म जपानला पोचला आणि राजदरबाराने तो उत्साहाने स्वीकारला. इसेत मात्र त्याचे नावही काढावयाचे नाही, असा दंडक होता. दहाव्या शतकातील ‘एंगिशिकी’ ह्या नियमसंग्रहात साइओच्या वाड्यात वापरावयाचे पर्यायी शब्द दिलेले आहेत. बुद्धाला ‘मधला’, सूत्रग्रंथाला ‘रंगीत कागद’, आणि मुंडन केलेल्या भिक्षूला चक्क ‘लांबकेशी’ म्हणावयाचे! भिक्षू आणि भिक्षुणी ह्यांना मुख्य देवालयाजवळ जाण्यास मज्जाव असे. त्यांच्यासाठी दुरून नमस्कार करण्याची जागा वेगळी होती. प्रसिद्ध कवी बाशो हा भिक्षू नव्हता. पण १६८४ साली तो इसेला गेला, तेव्हा केवळ डोक्याचे मुंडन केलेले असल्यामुळे त्याला देवतेसमोर जाऊ दिले नाही, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.

शब्दांवर बंदी असली, तरी विचारांना ती अडवू शकली नाही. मध्ययुगात शिंगोन ह्या तांत्रिक बौद्ध पंथाच्या पंडितांनी सूर्यदेवी म्हणजेच महावैरोचन बुद्ध, असा सिद्धांत मांडला. वैरोचन म्हणजे तेजस्वी, सूर्यासारखा. हे साम्य त्यांना सहज सापडले. नाइकू म्हणजे गर्भधातू मंडल आणि गेकू म्हणजे वज्रधातू मंडल, अशीही त्यांनी सांगड घातली. भारतात घडलेल्या संस्कृत संज्ञा अशा रीतीने जपानच्या सर्वांत देशी देवस्थानापर्यंत जाऊन पोचल्या. ११८६ साली नारा येथील तोदाईजी ह्या महाविहाराच्या पुनर्बांधणीसाठी झटणारा चोगेन हा भिक्षू अनेक भिक्षूंसह यश मागावयास इसेलाच आला होता.

ह्या नात्याची खरी कसोटी पंधराव्या शतकात लागली. राजसत्ता दुबळी झाली, सरदारांची यादवी माजली, आणि देवालय उभारण्यास पैसा मिळेना. त्यातच नाइकूजवळचे उजी आणि गेकूजवळचे यामादा ह्या दोन गावांत वैर पेटले आणि १४८६ साली गेकूचे मुख्य देवालय त्या लढाईत जळाले. गेकूचे देवालयांतर १४३४ नंतर, आणि नाइकूचे १४६२ नंतर थांबले ते शंभराहून अधिक वर्षे. वीस वर्षांसाठी बांधलेल्या लाकडी वास्तू मोडकळीला आल्या आणि तात्पुरत्या आडोशावर देवांचे भागवावे लागले.

अशा वेळी उभी राहिली ती सेइजुन नावाची एक बौद्ध भिक्षुणी. केइकोइन ह्या भिक्षुणी-मठाची ती प्रमुख. तिने दारोदार वर्गणी मागितली. प्रथम इसुझूवरचा पूल दुरुस्त झाला. मग १५६३ साली, जवळजवळ एकशे तीस वर्षांच्या खंडानंतर, गेकूचे देवालय नव्याने उभे राहिले. तिची वारसदार शूयो हिने तेच व्रत पुढे चालविले. ओदा नोबुनागा आणि तोयोतोमी हिदेयोशी ह्या त्या काळच्या दोन बलाढ्य सेनानींनी मोठ्या देणग्या दिल्या, आणि १५८५ साली नाइकू आणि गेकू ह्या दोन्ही ठिकाणी देवालयांतर पार पडले. ज्या देवालयात बुद्धाचे नाव उच्चारावयास बंदी होती आणि ज्याच्या दाराशी भिक्षुणीला उभे राहता येत नव्हते, ते देवालय भिक्षुणींनी मागितलेल्या भिक्षेवर पुन्हा उभे राहिले. इसेची परंपरा आज अखंड म्हणून सांगितली जाते. पण तिच्यात हा शंभरावर वर्षांचा खंड आहे. तो सांधला गेला तो एका परक्या मानलेल्या पंथाच्या स्त्रियांच्या हातून.

पुढे तोकुगावा राजवटीत शांतता नांदू लागली आणि इसे सामान्य माणसाचे झाले. ‘ओशी’ नावाचे तीर्थोपाध्याय गावोगाव फिरून देवीचे अंगारे-प्रसाद व पंचांगे वाटीत, यजमानांची नोंद ठेवीत आणि इसेला आले म्हणजे त्यांना आपल्या घरी उतरवून घेत. गावोगावी भिशीसारखी मंडळे असत. सर्वांनी थोडी थोडी वर्गणी भरावयाची, चिठ्ठ्या टाकावयाच्या, आणि ज्याचे नाव निघेल त्याने सर्वांच्या वतीने यात्रा करावयाची. साधारणतः साठ वर्षांनी एकदा यात्रेची लाटच उसळे. तिला ‘ओकागे-माइरी’, म्हणजे कृपेची यात्रा, म्हणत. १७०५ साली पन्नास दिवसांत ३६ लाखांवर यात्रेकरू आल्याची नोंद विद्वान मोतोओरी नोरिनागा ह्याने दिली आहे. १७७१ आणि १८३० साली पुन्हा अशाच लाटा आल्या. देशाची लोकसंख्या तेव्हा तीन कोटींच्या आसपास होती. नोकर धन्याला न विचारता निघत, मुले आईबापांना न सांगता निघत, हातात एक लाकडी ओगराळे घेऊन वाटेत अन्न आणि पाणी मागत. आणि परतल्यावर अशा यात्रेकरूला शिक्षा करू नये, असा संकेत होता. कडक बंधनांच्या त्या समाजात इसेची वाट ही मोकळ्या श्वासाची वाट होती.

१८६८ च्या मेइजी क्रांतीने हे चित्र बदलले. १८६९ साली सम्राट मेइजी इसेला गेला. सम्राज्ञी जितोनंतर गादीवर असताना तेथे जाणारा तो पहिलाच राजा मानला जातो. नव्या सरकारने शिंतो आणि बौद्ध ह्यांची फारकत केली, आणि इसेच्या परिसरातील बौद्ध मंदिरे मोडीत निघाली. केइकोइन मठही १८६९ सालीच बंद झाला. ओशींची प्रथा १८७१ साली रद्द झाली, पिढीजात पुजाऱ्यांचा वारसा संपला, पुजारी सरकारी अधिकारी बनले. भिशी घालून यात्रेला येणाऱ्या शेतकऱ्याची देवी आता राज्याची देवी झाली, आणि पुढे साम्राज्याच्या आणि युद्धाच्या विचारसरणीला तिचे नाव जोडले गेले.

१९४५ साली जपानचा पराभव झाला. त्या वर्षी डिसेंबरात निघालेल्या आदेशाने शिंतोचा सरकारी दर्जा आणि सरकारी पैसा दोन्ही संपले. एकोणसाठावे देवालयांतर १९४९ साली व्हावयाचे होते. ते स्थगित झाले. अन्नान्न दशा झालेल्या देशात देवालय बांधावयाचे कोणी? तरी ठरलेल्या वर्षी, १९४९ साली, लोकांनी निदान पूल तरी नवा केला. मग देशभरातून वर्गणी जमली आणि १९५३ साली, चार वर्षे उशिरा, देवता नव्या देवालयात गेली. तेव्हापासून उजी पूल देवालयाच्या चार वर्षे आधी नवा करण्याचा प्रघातच पडला आहे. एका पराभूत देशाच्या अडचणीची आठवण अशी परंपरेतच कोरली गेली.

बासष्टावे देवालयांतर २०१३ साली झाले. २ ऑक्टोबरच्या रात्री आठ वाजता नाइकूतले दिवे मालवण्यात आले, पुजाऱ्याने कोंबड्याच्या आरवण्याची हाक तीनदा दिली, आणि पांढऱ्या रेशमी पडद्याआड तो आरसा जुन्या देवालयातून नव्यात नेण्यात आला. पंतप्रधान शिंझो आबे तेथे उपस्थित होते, आणि राज्याने धर्मापासून अलिप्त राहावे असे सांगणाऱ्या राज्यघटनेत हे बसते काय, असा वादही झाला. त्या वर्षी सुमारे १ कोटी ४२ लाख लोक इसेला येऊन गेले. त्रेसष्टावे देवालयांतर २०३३ साली व्हावयाचे आहे. त्याचे विधी २०२५ च्या मे महिन्यात सुरू झाले.

जुन्या लाकडाचे काय होते, हेही सांगण्याजोगे आहे. आढे तोलून धरणारे मोठे खांब तासून उजी पुलाच्या दोन टोकांच्या कमानींसाठी वापरतात. वीस वर्षांनी ते कुवाना आणि सेकी येथील जुन्या यात्रामार्गावरच्या कमानी होतात. बाकीचे लाकूड देशभरच्या देवस्थानांकडे जाते. १९९५ च्या भूकंपात पडलेल्या कोबे शहरातील इकुता देवस्थानाच्या कमानीला इसेचेच खांब मिळाले. नवे लाकूड शतकानुशतके किसोच्या डोंगरांतून आणावे लागे, कारण इसेजवळची मोठी झाडे मध्ययुगातच संपली होती. १९२३ साली देवस्थानने आपल्या साडेपाच हजार हेक्टर वनात दोनशे वर्षांची लागवड-योजना सुरू केली. २०१३ साली लागलेल्या लाकडापैकी एकपंचमांशाहून अधिक लाकूड ह्या वनातून मिळाले. १९२३ साली रोप लावणाऱ्या माणसाला त्या झाडाचा खांब झालेला पाहावयास मिळणार नव्हता. तरी त्याने रोप लावले.

इसेपासून फार दूर नसलेल्या नारा प्रांतात होर्यूजी हे जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारतींचे बौद्ध विहारस्थान आहे. तेथे मूळ लाकूड जपून ठेवले आहे. इसेत लाकूड जाते आणि ते उभारण्याची रीत राहते. ही रीत तरी तंतोतंत तीच आहे काय? तसेही नाही. मधल्या खंडानंतर भांडारगृहांची जागा बदलली होती, आणि एकोणिसाव्या शतकात जुने कागद पाहून ती पुन्हा दुरुस्त करावी लागली. तेव्हा परंपरा ही आपोआप वाहत येणारी नदी नव्हे. प्रत्येक पिढीला ती हातात कुऱ्हाड, तासणी आणि वर्गणीची पावती घेऊन पुन्हा उभी करावी लागते. एका पिढीने कंटाळा केला तर ती थांबते, आणि दुसऱ्या पिढीने मनावर घेतले तर पुन्हा सुरू होते.

केइकोइन मठाची जुनी इमारत इसेत आजही उभी आहे. इसेच्या सर्वोच्च धर्माधिकाऱ्याचे तेथील निवासस्थान म्हणून ती वापरली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर ह्या पदावर राजघराण्यात जन्मलेल्या स्त्रियाच आल्या. २०१७ साली सम्राट अकिहितोंची कन्या सायाको कुरोदा ह्यांनी ते पद स्वीकारले. ज्या भिक्षुणीला दुरून नमस्कार करावा लागे, तिच्याच मठाच्या छपराखाली सूर्यदेवीची मुख्य सेविका उतरते. ही इमारत मात्र दर वीस वर्षांनी नवी केली जात नाही.